नाव घालणे

आमच्या बँकेच्या दारात राखणदाराची दुनळी बंदूक असते. तिच्यावर नक्षी म्हणाल तर एकच, नंबर! संग्रहालयातल्या संस्थानिकांच्या बंदुकांचा थाट मात्र वेगळा. पोलादावर बारीक उभेआडवे चरे ओढायचे, त्यांत सोन्याची तार ठोकून बसवायची आणि मग घोटून घोटून चकाकी आणायची. या कलेला कोफ्तगरी म्हणतात. समोर उभ्या राहणाऱ्याला ती वेलबुट्टी पाहायला सवड कितपत मिळत असेल, हा प्रश्न मला आपला उगीचच पडतो.

अर्थात नगरकराने नक्षीला हसू नये. विजापूरची ती प्रचंड मुलूखमैदान तोफ आमच्या नगरातच, १५४९ साली, रूमीखानाने ओतली. तोंडाशी हत्ती चावणारा अक्राळविक्राळ जबडा. वजन सुमारे ५५ टन! १६८६ साली औरंगजेबाने विजापूर जिंकले आणि तिच्यावर आपल्या विजयाचा लेख कोरवून घेतला. पुढे १७०७ साली तो वारला, तोही आमच्या नगरजवळच. १८५४ साली तोफेचा लिलाव झाला, तेव्हा सर्वांत चढी बोली आली रुपये १५०. लिलाव रद्द झाला म्हणून बरे!

हे सगळे मी रंगवून सांगितल्यावर सौ. एवढेच म्हणाली, "म्हणजे दुसऱ्याच्या भांड्यावर स्वतःचं नाव घातलं!"

मी एकदम गप्प. कारण न्हाणीघरात आमच्या घंगाळावर तीन नावे आहेत. आजोबांचे, अण्णांचे आणि माझे. अण्णा गेल्यावर भांड्यांची वाटणी ठरली, त्याच्या आदल्या दिवशी मी घंगाळ गुपचूप बाजारात नेऊन नाव घालून आणले होते. दादाने ते वाचले. लहानपणी त्यातूनच तो मला आंघोळ घालायचा. "घे, तुझं नाव आहे की त्याच्यावर," म्हणाला आणि शांतपणे दुसऱ्या भांड्याकडे वळला.

काल घंगाळ घेऊन भांडीवाल्याकडे गेलो. नाव घालायचा अक्षरामागे दर आहे, खोडायचा नाही. "खोडलं तर भोक पडेल साहेब," तो म्हणाला.

दिवाळीला दादाला बोलावले आहे. पहिली आंघोळ त्याची. पाणी मी काढणार, आणि घंगाळाची नावाची बाजू भिंतीकडे करून ठेवणार.