स्कीममधलं थायलंड

लातूर,
दिवाळीनंतरचा रविवार

चि. संजय यास,


तुला कंपनीच्या स्कीममध्ये जानेवारीत थायलंड लागलं, हे मला सुनीताकडून कळलं. "कुणाला सांगू नका म्हणालेत," हेही तिनंच सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काय आहे रे? आपल्याकडं कृषी सेवा केंद्रवाले, सिमेंटवाले, पाइपवाले सगळेच कधी ना कधी स्कीममध्ये बँकॉक-पटाया करून येतात. गावात पोहोचते ती चार जणांच्या डोळे मिचकावण्यातली हकिकत. तो देश कसा आहे हे कुणी विचारत नाही आणि गेलेलाही सांगत नाही. मी जाऊन आलेली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, सुनीताला घेऊन जा. स्कीममध्ये एकच सीट आहे, हे मला ठाऊक आहे. दुसरीचे पैसे भर. जूनमध्ये पेरणीच्या गर्दीत तू गोदामात माल उतरवून घेत होतास, तेव्हा काउंटरवर कोण होतं? बियाण्याचे लॉट नंबर टाकून पावत्या कुणी केल्या, उधारीची वही कुणी सांभाळली? कंपनीचं टार्गेट पुरं झालं त्यातल्या निम्म्या बॅगा तिच्या हातून गेल्यात. बक्षीस मात्र फर्मच्या मालकाला, म्हणजे तुला. कंपनीला हे दिसणार नाही, तुला दिसायला पाहिजे.

तिचा पासपोर्ट नाही, म्हणून हे पत्र आत्ता. या आठवड्यातच अर्ज भर. बीडला किंवा इकडं लातूरला पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची तारीख घे. साध्या अर्जाची फी 1500 रुपये, तात्काळला 2000 जास्त. आधार, मतदान कार्ड आणि शाळेचा दाखला या तिन्हींवर तिच्या नावाचं स्पेलिंग आधी ताडून बघ. आपल्या बायकांच्या कागदांवर एकीकडं माहेरचं नाव, दुसरीकडं सासरचं आणि तिसरीकडं कारकुनाच्या मनात आलेलं असतं. दहावी पास झाल्याचं प्रमाणपत्र जोडायला विसरू नको. ते नसलं की पासपोर्टावर ईसीआरची नोंद येते. ती नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांकरता असते आणि त्यासाठी ठरवलेल्या 18 देशांत थायलंड आहे. फिरायला जाणाऱ्याला ती आडवी येत नाही, पण विमानतळावर चार प्रश्न जास्त विचारतात. तुझ्या पासपोर्टाची मुदतही तपास. पोहोचायच्या दिवसापासून पुढं सहा महिने तरी शिल्लक पाहिजेत.

व्हिसाचं सध्या सोपं आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये थायलंडनं भारतीयांना व्हिसाशिवाय 30 दिवस दिले आणि जुलै 2024 पासून 60 केले. एवढ्यात इतके बदल झाले म्हणजे आणखी होऊ शकतात, तेव्हा निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघून घे. 1 मे 2025 पासून मात्र एक ऑनलाइन आगमन फॉर्म सगळ्यांना सक्तीचा झालाय. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, थायलंडच्या इमिग्रेशन खात्याच्याच साइटवर भरायचा. तो फुकट आहे. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या साइटी पैसे मागतात. पैसे मागितले की साइट खोटी समज. टूरवाला "मी भरतो" म्हणाला तरी नावं आणि पासपोर्ट नंबर स्वतः वाचून घे. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि थोडे बात, हे सगळं जवळ ठेव. एक बात अडीच ते तीन रुपयांच्या मध्ये धर. फोन-पे, गुगल-पे तिथं चालेल या भरवशावर राहू नको. बँकेत जाऊन कार्ड परदेशासाठी चालू करून घे.

कंपनीनं मुंबईहून नेलं तर प्रश्नच नाही. हैदराबादहून असेल तर आपल्या स्टेशनवरची गाडी बरी. घाटनांदूरात बसायचं, लातूर रोड, उदगीर, बीदर, विकाराबाद करत जायचं. गाडी लिंगमपल्लीला थांबत असेल तर तिथंच उतरायचं, शमशाबादच्या विमानतळासाठी सिकंदराबादपर्यंत जायची गरज नाही. पुढं बँकॉक चार तासांच्या आत येतं. घड्याळ दीड तास पुढं करायचं.

हवा जानेवारीत उत्तम. आपल्याकडची रब्बीची पेरणी उरकलेली असते आणि तिकडंही पाऊस नसतो. एप्रिलमध्ये कुणी फुकट नेलं तरी जाऊ नये, ऊन आपल्याइतकंच आणि वर घामाची चिकचिक.

आता सुनीताचं खाणं. तिच्या गळ्यात माळ, आणि त्या देशात मासळीचं पाणी आणि कोळंबीची चटणी कशाकशात घालतील त्याचा नेम नाही. कच्च्या पपईची कोशिंबीर दिसायला अगदी निरागस असते, पण तिच्यातही ते पाणी असतं. नुस्तं "व्हेज" म्हणून भागत नाही, कारण मांसाचा तुकडा नसला की त्यांच्या लेखी झालं व्हेज. तिथं "चे" नावाचं एक पथ्य पाळतात. त्यात मांस, मासे, अंडी नाहीत, कांदा-लसूणही नाही. पिवळ्या कापडावर लाल अक्षरांत तशी पाटी लावलेल्या गाड्यांवर आणि खानावळींत माळकऱ्यानं बिनधास्त बसावं. हॉटेलात काम करणाऱ्या पोरीकडून ते अक्षर कागदावर लिहून घ्या आणि कागद सुनीताकडं द्या. बँकॉकच्या फाहुरात भागात कापडबाजार आहे, तिथं मोठा गुरुद्वारा आहे आणि सकाळी लंगर असतो. नारळाचं दूध घातलेला चिकट भात आणि आंबा ही गोष्ट तिला आवडेल. बाकी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बॅगेत राहू दे.

टूर बहुधा दोन रात्री पटाया, दोन रात्री बँकॉक अशी असेल. पटायाबद्दल फार लिहीत नाही. तुझ्या मित्रांनी सांगितलं असेलच, आणि सुनीता बरोबर असली की त्यातलं बरंचसं आपोआप गळून पडेल. समुद्रात जाताना लाइफ जॅकेट घाला. भाड्याची जेट-स्की घेऊ नको. परत आणून दिली की जुनाच ओरखडा दाखवून भरपाई मागायची तिथली रीत जुनी आहे. पासपोर्ट अनामत म्हणून कुणालाही द्यायचा नाही. स्कूटरही नको. आंतरराष्ट्रीय परवान्याशिवाय ती चालवली आणि पडलास तर विम्याचा रुपया मिळत नाही. आपल्या एमएच 44 च्या आरटीओ ऑफिसातून तो परवाना निघतो म्हणा, पण चार दिवसांसाठी कशाला?

बँकॉकात एक सकाळ मोकळी असेल. बस तुम्हाला रत्नांच्या दुकानात नेईल. तुम्ही दोघं तिच्यात चढूच नका, सरळ राजवाड्यात जा. साडेआठला उघडतो, परदेशी माणसाला 500 बात तिकीट. दाराबाहेर चांगल्या कपड्यातला एखादा माणूस "आज बंद आहे, मी दुसरीकडं नेतो" म्हणेल. त्याच्याकडं न बघता फाटकापर्यंत चालत जायचं. खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत. सुनीताची साडी चालते, तुझी बर्मुडा चालत नाही.

आत पाचूच्या बुद्धाचं मंदिर आहे. मूर्ती लहान आणि फार उंचावर, गर्दी तिथंच असते. दर्शन झालं की बाहेरच्या ओवरीत या. चारी बाजूंनी भिंतींवर अख्खं रामायण रंगवलंय, 178 चित्रं, सोन्याच्या वर्खासकट. राजवाड्यांचे कळस, रथ, राक्षसांचे हिरवे चेहरे आणि पांढराशुभ्र हनुमान. रावणाला ते तोत्सकान म्हणतात, म्हणजे आपला दशकंठच. त्यांचे राजेही राम: 1782 पासून चालत आलेल्या चक्री घराण्यातला आताचा दहावा. सुनीताला गोष्टी ओळखू येतील आणि मग हळूहळू चुकायला लागतील. मजा तिथं आहे. अहिरावण-महिरावणाची गोष्ट आपण लहानपणी ऐकली, त्यात मारुती शेपटीचा कोट करून रामाला आत ठेवतो. इथल्या भिंतीवर मारुती डोंगराएवढा होऊन बसलाय, जबडा उघडलाय आणि रामाचा सगळा मंडप त्यानं तोंडात घेतलाय. महालासारखा मंडप, आणि त्याच्या वर-खाली दात. त्याच्या आधी सेतू बांधायला घेतल्यावर रावणाची मुलगी, अर्धी मासोळी, रात्री दगड चोरते. मारुती तिला पकडायला पाण्यात उतरतो आणि तिच्या प्रेमात पडतो. त्यांना मूलही होतं. आमच्या ग्रुपमधल्या एक बाई हे ऐकून कानांवर हात ठेवून उभ्या राहिल्या होत्या. मला मात्र वाटलं, गोष्ट इतक्या लांब जाऊन राहिली की तिथली होणारच. तुम्ही घाई करू नका. टूरवाला हाका मारील, मारू दे.

तिथून वाट फो हे मंदिर चालत जाण्याइतकं जवळ. झोपलेला बुद्ध 46 मीटर लांब आहे, तळपायांवर शिंपल्याची नक्षी आहे. बुद्धाकडं पाय करून बसायचं नाही, मूर्तीवर चढून फोटो काढायचा नाही. भिक्खूंना बाईनं हात लावायचा नसतो, गर्दीत त्यांच्या शेजारून जाताना सुनीतानं एवढं सांभाळावं. आपल्या गावातल्या विहारासाठी मूर्ती आण असं कुणी म्हणेल. 2023 च्या सुरुवातीला थायलंडचे भिक्खू परभणीहून मुंबईच्या चैत्यभूमीपर्यंत पायी गेले, तेव्हापासून आपल्याकडं त्या मूर्तींची ओढ वाढलीय आणि ते योग्यच आहे. पण बुद्धमूर्ती त्या देशाबाहेर न्यायला त्यांच्या ललितकला खात्याचा परवाना लागतो. तो काढून देणाऱ्या दुकानातूनच घे, नाहीतर मूर्ती विमानतळावर राहील.

नोटेवर राजाचा फोटो असतो. पडलेली नोट पायानं दाबून धरायची आपली सवय तिथं अंगाशी येईल. राजघराण्याबद्दल थट्टाही करायची नाही. कलम 112 खाली एकेका गुन्ह्याला 3 ते 15 वर्षं आहेत. सकाळी 8 आणि संध्याकाळी 6 वाजता स्टेशनवर राष्ट्रगीत लागतं, सगळे थांबतात, तुम्हीही थांबा. ई-सिगारेट बॅगेत नको, बंदी आहे. सोनंही आणू नको. दागिन्यांची सूट वर्षभराहून जास्त परदेशात राहून येणाऱ्याला असते, चार दिवसांच्या पाहुण्याला नाही. तुझ्या गळ्यातला गोफसुद्धा घरी ठेव, येताना कस्टमला हिशेब देत बसशील.

दुकानातल्या पोराचंही एक आहे. त्याला कुणी एजंट थायलंडात डेटा एंट्रीची नोकरी, विमानाचं तिकीट आमचं, असं सांगतोय म्हणे. त्याला समोर बसवून सांग. अशी पोरं बँकॉकला उतरतात, मे सोतला नेली जातात आणि नदी ओलांडून म्यानमारमध्ये कोंडली जातात, तिथं मारून-मुटकून ऑनलाइन फसवणुकीचं काम करून घेतात. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी तिथून साडेपाचशेच्या आसपास भारतीयांना परत आणलं. त्यानंतर महिन्याभरात महाराष्ट्र सायबरनं आणखी साठाहून जास्त जण सोडवले आणि एजंट पकडले. फिरायच्या सवलतीवर गेलेल्याला तिथं नोकरी करताच येत नाही, एवढं एक वाक्य पुरेल त्याला. तुम्हीही कंबोडियाच्या सीमेकडची कुठली सहल जोडू नका, 2025 मध्ये तिथं तोफा चालल्या आहेत.

आणखी एक सांगते, राग मानू नको. तिथून रोज स्टेटस टाकू नको. यंदा सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन पाण्यात गेलं. ज्यांची उधारी तुझ्या वहीत आहे, त्यांच्याच मोबाइलवर तुझा स्पीडबोटीतला फोटो दिसणार. आल्यावर पारावर बसून सांग ना हवं तेवढं. तेव्हा मारुतीच्या तोंडातल्या मंडपाची गोष्ट सांगितलीस तर म्हातारी माणसंसुद्धा ऐकतील. पण वसुलीला जाताना आवाज जरा खाली ठेव.

सुनीता मुलांचं कारण सांगेल. शाळा बुडायला नको, थोरलीची दहावी आहे, वगैरे. थोरलीला पुस्तकांसकट माझ्याकडं पाठवा, रोज गणितं करून घेते. धाकटा आजीपाशी राहील. दुकान तेवढे दिवस बंद ठेवा. जानेवारीत युरियाशिवाय कोण काय मागतंय? आणि पैशांचं म्हणशील तर सुनीताच्या तिकिटात मी थोडे घालते, पण ते तिच्या हातात देईन, तुझ्या नाही.

अर्ज भरला की पावतीचा फोटो पाठव.

तुझी,
अक्का