बोटांचं ऐकणारा फिल्टर

कळंब, रविवार रात्र.

बेस गिटारसाठी एन्व्हलप फिल्टर निवडताना मी आधी एकच पाहतो: तो बोटांचं ऐकतो का? तार जोरात छेडली की फिल्टर जास्त उघडतो, हळू छेडली की कमी. १९७२च्या म्यू-ट्रॉन थ्री या पेडलवर बेसवादक बूट्सी कॉलिन्सनं हाच बोलका आवाज गाजवला. आपल्या चौंडक्यात तारेच्या ताणानं सूर सरकतो. फिल्टरमध्ये मात्र स्वराचा पोत बदलतो.

चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर कंपते. गिटारच्या पेडलमध्ये हा तळ अनेकदा हरवतो. फिल्टरचे कपॅसिटर मोठ्या मूल्याचे घातले की त्याची कक्षा खाली येते. मूळ आवाज सोबत मिसळला की भरीवपणा टिकतो. कॉम्प्रेसर फिल्टरनंतरच जोडावा, नाहीतर छेडण्यातला चढउतार आधीच पुसला जातो. पेडल घेण्याआधी आपला हात ओळखा.