तहानलेली वेल

मिरज तालुक्यात आमचा लहानसा पानमळा होता. एका श्रावणात पाऊस लागून राहिला आणि मळ्याच्या खालच्या अंगाला सऱ्यांमध्ये पाणी तुंबले. पुढे ऊन पडले, तेव्हा तेथील वेलींची पाने मलूल होऊन लोंबू लागली. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. वेलींना तहान लागली असावी, असे समजून मी कोणालाही न विचारता घागरी भरभरून त्यांच्या मुळांशी ओतल्या. थोड्याच दिवसांत त्या वेली वाळून गेल्या. वडील रागावले नाहीत. त्यांनी मुकाट्याने वेली उपटल्या. पाण्यात उभी असलेली वेल वाळली कशी, हा प्रश्न मात्र माझ्या मनात रुतून बसला.

२०१६ साली, बारा वर्षांनी येणाऱ्या महामहम उत्सवासाठी मी तमिळनाडूतील कुंभकोणमला गेलो. व्यंकोजीराजांच्या काळापासून त्या प्रांतात मराठी कुटुंबे नांदत आहेत. अशाच एका घरी माझा मुक्काम होता. माझे यजमान विज्ञानाचे निवृत्त शिक्षक होते. त्यांनी मला कावेरीच्या खोऱ्यातील एक पानमळा दाखविला. हादग्याच्या झाडांवर चढलेल्या वेली पाहून मला आमचा मळा आठवला. तेथील वाफे उंच होते आणि त्यांमधील चर खोल होते. मी कारण विचारताच यजमान म्हणाले, "पाणी देण्याइतकेच ते काढून देणेही महत्त्वाचे असते."

मग त्यांनी सारे उलगडून सांगितले. वेलीत पाणी चढविणारा पंप नसतो. पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ बाहेर पडते आणि तिच्या ओढीने जलवाहिन्यांतील पाण्याची अखंड धार मुळांपासून शेंड्यापर्यंत खेचली जाते. मातीतील क्षार त्या पाण्याबरोबरच वर जातात. पानांत तयार झालेली साखर रसवाहिन्यांतून मुळांपर्यंत उतरते. परंतु त्या साखरेचा उपयोग करण्यासाठी मुळांना श्वास घ्यावा लागतो. माती पाण्याने गच्च भरली की तिच्यातील हवा नाहीशी होते. गुदमरलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत, ती कुजतात आणि भोवती पाणी असूनही पाने तहानेने सुकतात.

आमच्या वेली माझ्या घागरींनी मेल्या, की त्याआधीच गुदमरल्या होत्या, हे आता सांगता येणार नाही. वडिलांना ते नक्कीच कळले असेल. त्यांनी मला सांगितले नाही, एवढेच.

२०२५ साली कुंभकोणमच्या विड्याच्या पानाला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी वाचली आणि मी दारातल्या कुंडीत नागवेल लावली. पाणी घालण्यापूर्वी कुंडीच्या तळाचे छिद्र मोकळे आहे ना, हे मी रोज पाहतो.