पास्काचा चंद्र

सोलापूर हे जसे चादरींचे गाव, तसे ते पंचांगाचेही गाव आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झालेले दाते पंचांग आजही याच शहरातून महाराष्ट्रभर जाते. जुळे सोलापुरात आमच्या आसपासच्या कितीतरी घरांत ते खुंटीला टांगलेले दिसते. आमच्या घरी त्या जागी धर्मग्रामाचे कॅलेंडर असते. दोन घरांमध्ये एकच भिंत. एका बाजूला पंचांग, दुसऱ्या बाजूला कॅलेंडर. या दोघांची गणना एकाच आकाशावरून चालते, हे मात्र आपल्या फारसे ध्यानात येत नाही.

धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादे मूल हमखास विचारते, "नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो, मग ईस्टरच का मागेपुढे होतो?" आपण "तो पौर्णिमेवर असतो" एवढे सांगून मोकळे होतो. खरे तर या एका प्रश्नाच्या उत्तरात खगोलशास्त्राच्या पहिल्या पुस्तकातील निम्म्या संज्ञा दडलेल्या आहेत. त्या समजून घेण्यास आपली मने थोडी कचरतात, कारण ग्रहतारे म्हटले की आपल्याला भविष्य आठवते. ख्रिस्तसभेने भविष्यकथन नाकारले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु ताऱ्यांवरून माणसाचे दैव सांगणारे फलज्योतिष वेगळे, आणि ताऱ्यांची गती मोजणारे खगोलशास्त्र वेगळे. पहिले नाकारणाऱ्या ख्रिस्तसभेनेच दुसऱ्यासाठी वेधशाळा उभारली. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली पुनःस्थापित केलेली व्हॅटिकनची वेधशाळा आज येशुसंघीय धर्मगुरू चालवितात.

पास्काचा सण मूळचा पौर्णिमेचा. इजिप्तच्या दास्यातून मुक्त झालेल्या लोकांनी वसंतातील पहिल्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी, म्हणजे चंद्र पूर्ण होताना, कोकरू अर्पण केले. प्रभू येशूचे दुःखसहन आणि पुनरुत्थान त्याच सणाच्या दिवसांत घडले. इ. स. ३२५ च्या निकेया धर्मपरिषदेने सर्वांनी हा सण एकाच रविवारी पाळावा असे ठरविले, आणि पुढे नियम रूढ झाला तो असा: २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर.

यातील २१ मार्च म्हणजे वसंतसंपाताचा दिवस. सूर्याचा वर्षभराचा आकाशातील भासमान मार्ग म्हणजे क्रांतिवृत्त. पृथ्वीचे विषुववृत्त आकाशापर्यंत वाढविले अशी कल्पना केली, तर ही दोन वर्तुळे एकमेकांना दोन ठिकाणी छेदतात. सूर्य त्यांपैकी वसंतातल्या बिंदूवर येतो तेव्हा दिवस आणि रात्र जवळपास सारखी होतात. हे गच्चीवरही पडताळून पाहता येते. त्या दिवशी १०० सेंटिमीटरची काठी ओळंब्यात उभी करावी. सोलापूर सुमारे १७.७ उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मध्यान्हीची सावली ३२ सेंटिमीटरच्या आसपास भरते. ही मध्यान्ह घड्याळातील बाराची नव्हे. आपले घड्याळ ८२.५ रेखांशाच्या वेळेवर चालते आणि सोलापूर त्याच्या पश्चिमेस आहे, म्हणून त्या दिवशी सूर्य साडेबारानंतर डोक्यावरील रेषा ओलांडतो. पुढे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात हीच सावली एके दिवशी काठीच्या बुडाशी नाहीशी होते.

सूर्याचे माप झाले, आता चंद्राचे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात. असे बारा महिने मिळून ३५४ दिवस होतात. सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे, म्हणून दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते. ती भरून काढण्यासाठी पंचांगात अधिक मास येतो. यहुदी कालगणनेतही एकोणीस वर्षांत सात महिने जादा धरतात. एकोणीस वर्षांनी चंद्र आणि सूर्य पुन्हा जवळपास त्याच जुळणीला येतात. ईस्टरची तारीख २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान हेलकावे खाते, ती या तुटीमुळे.

सोलापूरच्या मुलांना हे समजावणे सोपे आहे. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा मकरसंक्रांतीला, म्हणजे सूर्यावर चालते, म्हणून ती जानेवारीच्या मध्यालाच येते. नाताळ त्या जातीचा. होळी चंद्रावर चालते. ईस्टर सूर्य आणि चंद्र या दोघांना विचारतो, आणि शेवटी रविवारसाठी थांबतो.

शेजारच्या पंचांगाशी ताडून पाहिले तर आणखी एक मौज दिसते. बहुतेक वर्षी ईस्टर हनुमान जयंतीच्या, म्हणजे चैत्री पौर्णिमेच्या पाठोपाठ येतो. पण २००८, २०१६ आणि २०२४ साली तो होळीच्या पाठोपाठ आला. असे का व्हावे? आपली पंचांगे निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने सूर्याचे स्थान मोजतात. ख्रिस्तसभा सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजते. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय संथ डोलतो, त्याची एक फेरी सुमारे २६,००० वर्षांची. त्यामुळे संपातबिंदू ताऱ्यांमधून मागे सरकतो, हेच अयनचलन. आज दोन मोजण्यांत सुमारे २४ अंशांचे अंतर पडले आहे. म्हणून मार्चअखेरची पौर्णिमा आपल्याला पास्काची, तर शेजाऱ्यांना फाल्गुनाची.

ख्रिस्तसभेचे गणितही सदैव अचूक राहिले असे नाही. ज्युलियन वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा मिनिटांनी मोठे होते. अकरा मिनिटे ती काय! परंतु सोळाव्या शतकापर्यंत संपात दहा दिवसांनी अलीकडे आला. तेव्हा पोप तेरावे ग्रेगरी यांनी, लिलिउस नावाच्या वैद्याची योजना आणि येशुसंघीय गणिती क्लाविउस यांचे परिश्रम यांच्या आधारे, १५८२ साली ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर मोजण्याचा आदेश दिला. सण आकाशाशी खरा राहावा म्हणून ख्रिस्तसभेने दहा तारखा सोडून दिल्या.

हे सारे मला कोरडे गणित वाटत नाही, त्याचे कारण घरगुती आहे. माझी आई २००९ साली शुभ शुक्रवारी, १० एप्रिल रोजी प्रभूघरी गेली. आदल्या रात्री, पवित्र गुरुवारी, रुग्णालयाच्या खिडकीतून पूर्ण चंद्र दिसत होता. पुण्यस्मरणाचा दिवस कोणता, यावरून आम्हा भावंडांत पहिल्याच वर्षी मतभेद झाला. थोरला भाऊ म्हणे, १० एप्रिल. धाकटी बहीण म्हणे, शुभ शुक्रवार. शेजारच्या काकूंनी सहज विचारले, "तिथी कोणती होती?" ती होती चैत्र वद्य प्रतिपदा. एकाच मरणाच्या तीन खुणा झाल्या, आणि पुढच्या वर्षीच त्या तिन्ही एकमेकींपासून दूर पांगल्या. त्यातून बोलणी वाढली. दोन वर्षे तर दफनभूमीत आम्ही वेगवेगळ्या दिवशी फुले घेऊन गेलो.

२०२० साली शुभ शुक्रवार पुन्हा १० एप्रिललाच आला. तिथी पुढे सरकलेली होती. पण तारीख आणि सण एक झाले, आणि वादाला जागाच उरली नाही. नेमकी त्या वर्षी टाळेबंदी होती. मंदिराचे दार बंद, दफनभूमीचे फाटक बंद. तिघांनी आपापल्या घरी, एकाच वेळी, फोनवरून क्रूसाची वाट केली. त्या रात्री मी गणित मांडून पाहिले: शुभ शुक्रवार पुन्हा १० एप्रिलला येईल तो २०९३ साली. तेव्हा आम्हा तिघांपैकी कोणीही नसेल. बहिणीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग भांडायचे कशाला?" तेव्हापासून १० एप्रिलला मिस्सा होतो, शुभ शुक्रवारी मिस्सा नसतो म्हणून माळेची प्रार्थना होते, आणि दोन्ही दिवशी तिघेही असतो. तारीख सूर्याची, सण चंद्रसूर्यांचा. दोन्ही मोजण्या खऱ्या, कोणतीही आईच्या मायेहून मोठी नाही.

शुभ शुक्रवारी दुपारी पडलेल्या अंधाराला काही जण भाविकपणे सूर्यग्रहण म्हणतात. सूर्यग्रहण होते ते चंद्र पृथ्वी आणि सूर्य यांच्यामध्ये आल्यावर, म्हणजे अमावास्येलाच. पास्काच्या वेळी चंद्र नेमका विरुद्ध बाजूला असतो. शिवाय खग्रास अवस्था एका ठिकाणी साडेसात मिनिटांहून अधिक टिकत नाही, आणि शुभवर्तमानातील अंधार तीन तासांचा आहे. तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती इतिहासकार ज्युलियस आफ्रिकानस यांनीही हा अंधार ग्रहणाचा नव्हे असेच म्हटले होते. श्रद्धेला चुकीच्या विज्ञानाचा टेकू लागत नाही, हे त्या काळीही आपल्या पूर्वजांना कळत होते.

येत्या पवित्र गुरुवारी आराधना आटोपून घरी परतताना मुलांना गच्चीवर न्यावे. ईस्टरच्या नियमामुळेच त्या रात्रीचा चंद्र पौर्णिमेच्या फार तर दोन दिवस अलीकडचा किंवा चार दिवस पलीकडचा असतो. कधी तो तिन्हीसांजेलाच वर आलेला असेल, कधी त्याच्यासाठी जरा जागावे लागेल. गेथसेमनीच्या बागेत जैतुनाच्या झाडांवर पडले होते ते याच चंद्राचे चांदणे. शिष्यांना त्या रात्री झोप आवरली नाही. आपण मुलांना घडीभर जागे ठेवावे, आणि वर बोट दाखवावे.