कुठलीच की चालत नाही तेव्हा

कीबोर्ड एकच होता आणि खेळणारे आम्ही दोघं. सांगलीत आत्याकडे असेंबल केलेला कॉम्प्युटर होता. २००४ च्या मे महिन्यात मी सातवीची परीक्षा देऊन तिथे राहायला गेले होते. आत्याचा मुलगा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. सगळे त्याला दादा म्हणायचे, मीपण. तो एक सीडी घेऊन आला. ती कुठून आणली हे त्या काळी कुणी विचारायचं नाही. सीडीवर मार्करनं लिहिलं होतं, ‘डायनो २’.

गेमचं खरं नाव ‘डायनो क्रायसिस २’. कॅपकॉम या जपानी कंपनीनं तो २००० साली प्लेस्टेशनसाठी काढला, नंतर तो पीसीवर आला. पहिला भाग १९९९ चा. ‘रेसिडेंट ईव्हिल’वाल्या शिंजी मिकामींनी तो केला होता, आणि तो भीतीचाच गेम होता. एका बेटावरचं संशोधन केंद्र, अंधारे कॉरिडॉर, हातात मोजक्या गोळ्या. समोर रॅप्टर आला की आधी विचार करायचा, मारायचं का पळायचं? दादानं आदल्या दिवाळीत तो खेळला होता. मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहून बघायचे आणि दार उघडायच्या आत डोळे मिटायचे.

दुसऱ्या भागात मात्र सगळंच उलटं. थर्ड एनर्जी नावाच्या प्रयोगात गडबड होते आणि एक अख्खं शहर, शेजारचा लष्करी तळ, सगळं काळाच्या पलीकडे फेकलं जातं. त्या जागी जंगल उरतं. तिथे अडकलेल्यांना सोडवायला रेजिना आणि डिलन जातात. रॅप्टर आता एकेकटे येत नाहीत, टोळ्यांनी येतात. आणि ते आले की आपल्याला आनंद होतो, कारण प्रत्येक डायनोसॉरमागे पॉइंट मिळतात. त्यांना नाव आहे ‘एक्स्टिंक्शन पॉइंट्स’. लागोपाठ मारले तर कॉम्बो. एकही ओरखडा न घेता त्या भागातून बाहेर पडलात तर वेगळा बोनस. गेम सेव्ह करायच्या कॉम्प्युटरवरच दुकान, तिथे पॉइंट मोजून बंदुका, गोळ्या, औषधं घ्यायची.

आम्ही कामं वाटून घेतली. गेम मधूनमधून आपणच पात्र बदलतो. रेजिना आली की गोळ्या माझ्याकडे आणि पाय दादाकडे. डिलन आला की उलटं. चालता चालता गोळी झाडता येते, त्यामुळे ही वाटणी जमायची. रेजिनाकडे विजेचा झटका देणारी गन असते, तिनं बंद पडलेली दारं उघडतात. डिलनकडे कोयता असतो, त्यानं वेली तोडता येतात. एकाला जिथे जाता येत नाही तिथे दुसरा जातो. ‘मार की! बघत काय बसलीस?’ असं दादा ओरडायचा आणि मी मारायचे. आठवड्याभरात माझी भीती पार गेली.

म्हणजे मला तरी तसं वाटत होतं. आता कळतं की भीती गेली नव्हती, तिचा हिशोब झाला होता. अंगावर येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला किंमत लावली की ती भीतीदायक राहत नाही. तो रॅप्टर म्हणजे अर्धी गोळ्यांची पेटी, एवढंच. त्यात एक गंमतही होती. पॉइंट मिळायचे ते नामशेष करण्याचे, पण नामशेष कुणीच व्हायचं नाही. त्याच वाटेनं परत आलं की तेवढेच डायनोसॉर झाडीतून पुन्हा उड्या मारायचे. काम कधी संपतच नव्हतं. आणि संपत नव्हतं म्हणूनच मजा येत होती.

शेवट आला तो वेगळाच. पॉला नावाची एक मुलगी आम्हाला अधूनमधून भेटायची. तिला धड बोलता येत नव्हतं. शेवटी कळतं की ती डिलनचीच मुलगी, भविष्यातली. तळ कोसळायला लागतो, एक अवजड यंत्र तिच्यावर पडतं आणि ती अडकते. ते यंत्र हलत नाही. डिलन रेजिनाला जा म्हणतो. मी परत येईन असं सांगून रेजिना काळाच्या दारातून निघून जाते. डिलन मुलीजवळ थांबतो.

आमच्याकडे तेव्हा जवळपास सगळी शस्त्रं होती. पॉइंटही ढिगानं शिल्लक होते. तो नुसता सिनेमाचा भाग आहे हे कळत असूनही आम्ही दोघं सगळ्या कीज दाबत होतो. एंटर, स्पेस, बाण, जे हाताला लागेल ते. काही झालं नाही. ‘वाईट शेवट केला राव,’ दादा म्हणाला आणि त्यानं कॉम्प्युटर बंद केला.

हे सगळं पुन्हा आठवलं ते २०२३ मध्ये, बाबा दवाखान्यात होते तेव्हा. मी धावपळ करणारी मुलगी. दाखल केल्यापासून मी एक वही केली होती. तारीख, औषध, वेळ, रिपोर्ट, बिल, कुणाला फोन करायचा. एकेक काम झालं की त्यावर रेघ मारायची. ब्लड बँक, मेडिकल, विम्याची खिडकी, सगळीकडे माझ्या चकरा. नातेवाईक म्हणायचे, पोरगी खमकी आहे. ते ऐकून बरंही वाटायचं. रात्री वहीतल्या रेघा मोजल्या की झोप लागायची. सकाळी नवी कामं तयार असायचीच.

एका दुपारी मी फाइल घेऊन निघाले होते. बाबांनी पलंगाची कड थोपटली आणि म्हणाले, ‘बस की जरा हितं.’

‘आलेच, रिपोर्ट घेऊन येते,’ मी म्हणाले.

परत आले तेव्हा त्यांना झोप लागली होती. तो काही शेवटचा दिवस नव्हता. त्यानंतर आणखी सहा दिवस होते, आणि त्या सहा दिवसांतही मी धावतच होते. कामं खोटी नव्हती, कुणीतरी करायलाच हवी होती. पण त्यांतली दोन-तीन तरी दादाला सांगता आली असती. तो रोज पुण्याहून फोन करायचा, ‘मी येऊ का?’ मी म्हणायचे, ‘नको, मी बघतेय.’ पलंगाशेजारी बसलं की करण्यासारखं काहीच उरायचं नाही. रेघ मारायला तिथे काही नव्हतं. त्याचीच मला भीती वाटत होती.

जानेवारी २०२५ मध्ये ‘डायनो क्रायसिस’चे जुने दोन्ही भाग जीओजीवर पुन्हा आले. मी दुसरा घेतला, या वेळी पैसे देऊन. रेजिनाही मीच आणि डिलनही मीच. बोटं पटकन सरावली. कॉम्बो लागायला लागले आणि मी हसायलाही लागले. गेम अजूनही झकास आहे, हे सांगायलाच हवं. मधेच कुतूहल म्हणून वाचलं, तर याचे दिग्दर्शक शू ताकुमी निघाले. याच्या पुढच्याच वर्षी त्यांनी वकिलांचा गेम केला, ‘एस अटर्नी’ मालिकेतला पहिला. त्यात बंदूक नाही. समोरच्याचं बोलणं नीट ऐकायचं आणि त्यातली विसंगती पकडायची.

रेजिना परत येते का, तेही शोधलं. २००३ मध्ये तिसरा भाग आला, पण तो थेट अंतराळयानात घडतो. त्यात रेजिना नाही.

शेवटाला पोचले तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. यंत्र पडलं. बोटं आपोआप कीबोर्डकडे गेली, पण मी हात काढून मांडीवर ठेवले. लहानपणी वाटलं होतं की डिलन हरला. या वेळी नीट पाहिलं. तो रडत-ओरडत बसत नाही. तो तिच्याजवळ जातो आणि तिथेच राहतो. अख्ख्या गेममध्ये ही एकच गोष्ट अशी, जिचे पॉइंट मिळत नाहीत.

सकाळी दादाला फोन केला. म्हटलं, ‘डायनो २ संपवला परत.’

तो क्षणभर गप्प होता. मग म्हणाला, ‘यंत्र हललं का गं?’

‘नाही.’

‘बरं,’ तो म्हणाला. मग दोघंही काही बोललो नाही, पण फोनही कुणी ठेवला नाही.