आईच्या नावावर वन बीएचके

तर मंडळी, गेले चार वीकएंड मी जिने मोजतोय. जर्मनीचा व्हिसा आला, जायची तारीख ठरली आणि हातात उरले मोजून सहा आठवडे. त्यात मुख्य काम एकच, आई-आण्णांसाठी फ्लॅट बघणं. पुण्यात नाही, नारायणगाव नाहीतर मंचरला. पुण्यात यायला दोघांनीही केव्हाच नकार दिलाय. आणि खरं सांगायचं तर वाकडच्या अकराव्या मजल्यावर आण्णा ही कल्पना मलाही करवत नाही.

आमचं घर नारायणगावपासून आठ-नऊ किलोमीटरवर, मळ्यात. पुढे अंगण, मागे ऊस. फोटो बघून ऑफिसमधले सगळे म्हणतात, "काय लकी आहेस यार!" त्यांना ऊस फक्त रसवंतीवर भेटतो. आमच्या उसात बिबट्या असतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा सगळा त्याचाच पट्टा. लपायला ऊस, प्यायला पाटाचं पाणी, खायला वस्तीवरची कुत्री. जंगलात परत जायचं त्याला काही कारणच नाही. शेतीची लाईट रात्रीची असली की आण्णा साठाव्या वर्षी बॅटरी आणि काठी घेऊन मोटर चालू करायला जातात. तेवढा वेळ आई दारात उभी राहून फोनवर माझ्याशी मोठमोठ्याने बोलते. माझ्याशी बोलायचं असतं म्हणून नव्हे, अंधारात माणसाचा आवाज व्हावा म्हणून!

हे सगळं मी आण्णांना नीट मुद्देसूद सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फ्लॅट कशाला? शेजारचा अर्धा एकर विकायला निघालाय. तो घेऊन टाक."

आता इथे खरी मेख आहे. एकदा नोकरीसाठी देश सोडला की फेमा कायद्याप्रमाणे मी इथे घर विकत घेऊ शकतो, पण शेतजमीन नाही. आधी घेतलेली ठेवता येते, वारसाने आलेली चालते, नवीन मात्र विकत घेता येत नाही. म्हणजे फ्लॅट दोन वर्षांनीही घेता येईल, पण अर्धा एकर आत्ताच, नाहीतर पुन्हा संधी नाही. आण्णांना हे सांगितलं तर ते खूशच झाले. "बघ, मी काय म्हणत होतो?" पाच वर्षांची बचत एकच, आणि मागणारे दोघं. एक जमीन मागतोय आणि दुसरी... दुसरीला कोणी विचारलंच नव्हतं, कारण ती तोपर्यंत चहा करत होती.

आईचं माहेर आंबेगावचं. आंबेगाव तालुका नकाशावर आहे, पण ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते मूळ आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे. कप खाली ठेवत आई म्हणाली, "आमचं घर पाणी आलं म्हणून सोडलं. कुणी विचारलं नाही. आता मला कुणी उठवत नाहीये, माझ्या मर्जीने जायचंय. बाजाराजवळ घर बघ, आणि लिफ्ट असली पाहिजे." आण्णा काही बोलले नाहीत. मीही नाही.

मग सुरू झाली शोधाशोध. मंचरचा फायदा म्हणजे पुणं जवळ आणि तिथे उपजिल्हा रुग्णालय आहे. नारायणगावचा फायदा म्हणजे मळा जवळ, एसटीचा डेपो आहे आणि आईच्या ओळखीच्या बायका आठवडे बाजाराला तिथेच येतात. एका साईटवर 'लिफ्टसह' म्हणून दाखवलेल्या फ्लॅटमध्ये लिफ्टची नुसतीच पोकळी होती, आत सिमेंटच्या गोण्या. "येणारे साहेब, ऑर्डर दिलीये." दुसऱ्याने पुणे-नाशिक रेल्वेचं गाजर दाखवलं, "स्टेशन झालं की दर डबल!" त्याला म्हटलं, खोडदला जीएमआरटीची रेडिओ दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटरच्या तीस अँटेना. तिच्या कामात अडथळा नको म्हणून रेल्वेने तो जुना मार्ग सोडल्याचं २०२५ मध्येच सांगितलंय. साहेबांनी विषय बदलून टाइल्सवर नेला.

माझी चेकलिस्ट कागदांची होती. सातबारा, एनए ऑर्डर, भोगवटा प्रमाणपत्र, महारेराचा नंबर. यात एक गंमत कळली. आठ किंवा त्याहून कमी फ्लॅटच्या इमारतीला रेराची नोंदणी लागत नाही. आम्ही बघितलेल्या दोन इमारतींत बरोब्बर आठ फ्लॅट होते! नोंदणी असेल तिथे बिल्डर रजिस्टर्ड करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांवर पैसे घेऊ शकत नाही, हेही लक्षात ठेवा. 'टोकन' म्हणून त्याहून जास्त मागणारे भेटतातच.

आईची चेकलिस्ट वेगळी. ती प्रत्येक ठिकाणी सरळ शेजारचं दार वाजवायची. "पाणी किती वाजता येतं हो? उन्हाळ्यात टँकर लागतो का?" दोन मिनिटांत जी माहिती तिला मिळायची ती मला ब्रोशरच्या बत्तीस पानांत मिळाली नव्हती.

शेवटी नारायणगावात वन बीएचके ठरला. पहिला मजला, चालणारी लिफ्ट, गॅलरीतून रस्ता दिसतो. आईच्या एकटीच्या नावावर. बाईच्या नावावर घर घेतलं की महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. आणि मालक तीच म्हणजे सह्या तीच करणार, मी तिकडे असलो तरी मुखत्यारपत्राची भानगड नाही. पण ही झाली हिशेबाची कारणं. सातबाऱ्यावर आण्णांचं नाव आहे, त्याआधी आजोबांचं होतं. आईचं नाव घराच्या कुठल्याच कागदावर कधी नव्हतं.

आण्णांचा अर्धा एकर राहिला तो राहिलाच. ते अजून फ्लॅट बघायला आलेले नाहीत. विचारलं की "बघू" म्हणतात. दिवसा मळा आणि रात्री फ्लॅट असा तह आईने मांडलाय. काल मात्र त्यांनी हळूच विचारलं, "खाली मोटरसायकल लावायला जागा आहे का रं?"

आहे, आण्णा. कव्हर्ड पार्किंग आहे.

असो. करार गुरुवारी आहे. बॅगा अजून भरायच्यात.