आधी वैरण, मग जनावर

रिमवर्ल्ड या संगणकावरच्या खेळात वसाहत जरा स्थिरावली, भिंती उभ्या राहिल्या, भात-मका कोठारात पडू लागला, की व्यापाऱ्यांचे तांडे जनावरं घेऊन दारात येतात. माझ्या दृष्टीने खरा खेळ तिथून सुरू होतो. टायनन सिल्व्हेस्टर यांच्या ल्युडिऑन स्टुडिओजने २०१८ मध्ये तो पूर्ण स्वरूपात आणला. यान कोसळून परक्या ग्रहावर अडकलेली माणसं जगवायची, एवढीच त्याची गोष्ट. मी भिवंडीत मानकोलीच्या एका गोदामात आल्या-गेल्या मालाचा हिशोब ठेवते आणि रात्री जेवणं आटोपली की ही वसाहत उघडून बसते. लढाया, हल्ले यांत मी फारशी रमत नाही. माझा जीव गोठ्यात.

कुठलं जनावर वाढवायचं, हा प्रश्न तिथे सोपा नाही. मफेलो नावाचा एक केसाळ, निळसर-करडा, रेड्याच्या अंगाचा प्राणी आहे. तो लोकर देतो, ओझं वाहतो, कडाक्याची थंडी सोसतो. गाय दूध देते, पण तिच्या पाठीवर प्रवासाचं सामान लादता येत नाही. अल्पाकाची लोकर चांगली आणि ते ओझंही वाहतं. कोंबड्यांमध्ये एखादा कोंबडा सोडला की बघता बघता पिल्लांनी कुंपण भरून जातं. प्रत्येकाकडून काहीतरी मिळतं, त्यामुळे मन सगळीकडे ओढ घेतं.

मे महिन्यात पडघ्याकडच्या गावी मामांकडे गेले होते. दुपारी पडवीत लॅपटॉप उघडला, तसे मामा शेजारी येऊन बसले. त्यांच्या दावणीला म्हशी आहेत, मागच्या बाजूला शेळ्या. मी त्यांना एकेक जनावर दाखवून ते काय काय देतं ते सांगत होते. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

“देतं ते कळलं, बाय. खाणार काय?”

“गवत आहे की कुंपणात.”

“आता आहे. थंडीत?”

२०२१ च्या बदलांनंतर या खेळात जनावरांसाठी कुंपणं आली. कुंपणात एक खूण रोवावी लागते. तिच्यावर बोट ठेवलं की कुठल्या ऋतूत तिथे रोज किती चारा उगवतो आणि आतली जनावरं किती खातात, हे आकड्यांत दिसतं. मामांना मी ते वाचून दाखवलं. उन्हाळ्यात चारा खाण्याच्या वर होता, हिवाळ्यात शून्य. त्या शून्यावर मामा थांबले. मग वर्ष किती दिवसांचं, हिवाळा किती दिवसांचा, हे त्यांनी विचारलं. तिथलं वर्ष साठ दिवसांचं, त्यातले पंधरा हिवाळ्याचे. तेवढ्या दिवसांचं सुकं गवत आधी कापून छपराखाली रचायचं आणि ते जितक्या जनावरांना पुरेल तितकीच ठेवायची, असं त्यांनी सांगितलं. जनावर कुठलं, हा प्रश्न त्यांनी त्यानंतर घेतला.

हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आमच्याकडे पावसात हिरव्याला तोटा नसतो, टंचाई असते ती होळीपासून मृगापर्यंत. ते दिवस पेंढ्यावर काढायचे. दिवाळीच्या सुमाराला भात कापून झोडलं की पेंढा गंजीला रचतात आणि गंज बघूनच दावणीला जनावर किती ठेवायचं ते ठरतं. वरकस जमिनीवरचं गवतही पाऊस सरल्यावर कापायचं. त्याच्या दाबलेल्या गासड्या मुंबईच्या तबेल्यांना जायच्या. आज त्याच माळांवर गोदामं उभी आहेत. मी जिथे नोकरी करते, ती जमीनही एके काळी भाताची होती. भिवंडी तालुक्यात गुरं कमी का झाली, याचं मोठं कारण मला या पेंढ्यात दिसतं. लोकांची हौस सरलेली नाही, गंजीच लहान झाल्या.

म्हणूनच मामांनी म्हशी मोजक्या ठेवल्या आणि शेळ्या वाढवल्या. म्हैस गाभण राहिली की दहा महिने, शेळीचे पाच. शेळी बांधावरच्या बोरी-बाभळीवर, झाडपाल्यावर भागवते. खेळातली शेळी मात्र बाकीच्यांसारखं गवतच चरते, आणि तिथल्या सगळ्या शेळ्या गुणाने सारख्या. त्यामुळे तिथे फक्त जात निवडायची. मामांच्या वाड्यात निवडायची असते ती एकेक पाठ, म्हणजे तरुण शेळी.

ती निवड मी जवळून पाहिली. पाठ दोन पायांत धरून मामा आधी तिच्या आईबद्दल बोलतात. जुळं देते का, दोन्ही करडांना पुरेल एवढा पान्हा आहे का, कास लोंबती आहे की आटोपशीर. मग पाठीवरून हात फिरवतात, कणा सरळ हवा. शेवटी खूर उचलून बोटाने दाबून बघतात. कोकणच्या पावसात ओल्या जमिनीवर खूर सडतात आणि लंगडी शेळी चरायला जात नाही, म्हणून खुराला इथे दुधाइतकंच मोल. देखणी, उंच कानांची एक पाठ त्यांनी माझ्यासमोर विकायला काढली, कारण तिच्या आईचे खूर दर आषाढात दुखायचे. मला ती फार आवडली होती.

नरांचं गणित दोन्हीकडे लागतं. खेळात मोठे नर किती, लहान नर किती ठेवायचे, हे आधीच ठरवून देता येतं आणि वरचे आपोआप कापले जातात. मामांकडे वरचे बोकड बकरी ईदसाठी राखले जातात. भिवंडीतून त्यांना गिऱ्हाईक घरी येतं. गिऱ्हाईक आधी तोंड उघडून दात बघतं. दोनदाती हवा, शिंग मोडलेलं नको, कान फाटलेला नको. त्यामुळे मामा ओळखीसाठी कधी कान कापत नाहीत, गळ्यात रंगीत दोरी बांधतात.

एका बाबतीत खेळ कच्चा आहे. तिथे एकच नर आपल्या लेकींवर, नातींवर वर्षानुवर्षं चालतो आणि पिल्लांत काही खोट येत नाही. मामांनी हे ऐकलं आणि मान हलवली. बापाचा बोकड लेकींवर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर करडं किरकोळ निपजतात आणि मरतुक फार. म्हणून बोकड ठरावीक काळाने बदलायचा. पौषात मुरबाडजवळ म्हसा गावच्या यात्रेत गुरांचा मोठा बाजार भरतो. मामा तिथे बैल बघायला जातात, पण आजूबाजूच्या गावांतली शेळ्या पाळणारी माणसंही तिथेच भेटतात आणि बोकडांच्या अदलाबदलीची बोलणी तिथेच होतात. तबेलेवाल्याला ही यातायात नाही. तो हरियाणाची मुऱ्हा किंवा सौराष्ट्राची जाफराबादी, ताजी व्यायलेली म्हैस विकत आणतो आणि आटली की काढतो. दूध त्यातून मिळतं, पण वंश त्याच्या दारात वाढत नाही. मला मामांची रीत पसंत आहे.

आता माझ्या वसाहतीत मोजके मफेलो आहेत आणि छपराखाली हिवाळ्यापुरतं सुकं गवत. गाय मी घेतली नाही.

मामांकडे यंदा बदलून आलेला बोकड काळा आहे, उस्मानाबादी रक्ताचा. ती जात जुळ्यांसाठी नावाजलेली, पण मूळची कोरड्या मुलखातली. आमच्या श्रावणात ती कशी टिकेल, याची मामांना काळजी आहे, म्हणून त्यांनी वाड्यात फळ्यांचं उंच मचाण घातलंय. शेळ्या ज्येष्ठाच्या अखेरीला फळवायच्या ठरल्यात, म्हणजे मार्गशीर्षाच्या सुमाराला व्यातील, पाऊस सरलेला असेल आणि नवा पेंढा गंजीला लागलेला असेल.